कडक गादीवर लॅटेक्सचा थर : घ्यावा कसा, विकावा कसा?

जुन्या नाशकात पिंजारघाट नावाची वस्ती आहे. नाव घेतले की धनुकलीच्या तारेचा आवाज कानात येतो. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या बांधवांचा कापूस पिंजण्याचा हा पिढीजात हुनर. धनुकली गेली, तिच्या जागी विजेवरचे पिंजण यंत्र आले. घरोघर ओट्यावर बसून गाद्या भरण्याचे दिवसही सरले. तरी दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत गादीवाल्याच्या हाताला काम असायचेच. आता दुकानात येणारे गिऱ्हाईक मात्र वेगळाच प्रश्न घेऊन येते.

"चाचा, काथ्याची गादी घेतली, पण फार कडक लागते. वर टाकायला लॅटेक्सचा टॉपर मिळेल का?"

या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जाताना आम्ही पाहिली आहेत. एक, "आपल्याकडे ते नसते." दोन, हाताशी असेल तो फोमचा तुकडा खोळीत घालून, "हेच लॅटेक्स, घेऊन जा." पहिल्या उत्तराने गिऱ्हाईक कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या शोरूमकडे वळते. दुसऱ्या उत्तराने ते वर्षभरात परत येते, पण भांडायला. तिसरे उत्तर देता यावे म्हणून हा लेख. ज्यांना टॉपर विकायचा आहे त्यांच्यासाठी तो आहेच, पण ज्यांना घरासाठी घ्यायचा आहे त्यांनीही वाचावा.

टॉपर या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. आपल्या घरांत जाड गादीवर पातळ तोशक टाकण्याची पद्धत होतीच. टॉपर म्हणजे तोशकच. फरक इतकाच की आत कापसाऐवजी रबराचा स्पंज असतो.

गादी कडक झाली कशी?

कापसाच्या गादीवर झोपणाऱ्या घरांत काथ्याची गादी शिरली ती गेल्या साठ वर्षांत. नारळाच्या काथ्याला पीळ देऊन तो मोकळा करायचा, त्यावर रबराचा चीक फवारायचा, दाबून चादरी पाडायच्या आणि उष्णता देऊन त्या पक्क्या करायच्या, असा हा माल. कर्लऑन ही बंगळूरची कंपनी १९६२ सालची. हे नाव घरोघर इतके पोहोचले की कोणत्याही काथ्याच्या गादीला लोक तेच नाव देऊ लागले. २०२३ मध्ये ही कंपनी स्लीपवेलवाल्या शीला फोमने विकत घेतली.

त्याच काळात पाठदुखीच्या माणसाला "कडक गादीवर झोपा, नाहीतर फळीवर झोपा" असा सल्ला सर्रास मिळे. काथ्याच्या गादीचा खप वाढायला हा सल्लाही कारण झाला असावा. पुढे स्पेनमध्ये याची रीतसर परीक्षा झाली. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या ३१३ माणसांपैकी काहींना कडक व काहींना मध्यम कडक गादी दिली. कोणाला कोणती दिली हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला आढळला. हा अहवाल २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एक म्हणजे सर्वांत कडक आणि दहा म्हणजे सर्वांत मऊ असे माप धरले, तर त्यातली कडक गादी २.३ ची आणि मध्यम गादी ५.६ ची होती. म्हणजे मध्यम गादी मापाच्या अगदी मध्यावरची, फार मऊ नव्हे. गिऱ्हाईकाला एवढे जरी समजावून सांगितले तरी पुष्कळ गैरसमज दूर होतात. गादीच्या लेबलावर 'ऑर्थोपेडिक' असे छापलेले असले, तरी त्यावरून ती किती कडक आहे हे कळत नाही. मणक्याचे ऑपरेशन झालेला किंवा पाय बधिर होणारा माणूस असेल तर त्याला टॉपर विकू नये, आधी डॉक्टरांकडे जायला सांगावे.

आधी जुनी गादी तपासा

टॉपर विकण्याची घाई करू नये. कित्येकदा दुखणे निराळेच असते.

पहिली गोष्ट, गादी कडक आहे की मधोमध बसली आहे? गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा आणि मध्यभागी खाली किती खळगा पडतो ते पट्टीने मोजा. इंचभर किंवा त्याहून जास्त खळगा असेल तर वर कितीही भारी टॉपर टाकला तरी तो त्या खळग्यातच बसेल. अशा माणसाला गादी बदलायलाच सांगावे लागते. विक्री आज होणार नाही, पण पुढची गादी तो तुमच्याकडूनच घेईल.

दुसरी गोष्ट, कापसाची गादी कडक लागत असेल तर तिला टॉपरची गरजच नाही. आतल्या कापसाच्या गाठी झाल्या आहेत. ती उसवून कापूस पुन्हा पिंजला, धूळ झटकली, किलो-दोन किलो नवा कापूस मिसळला की गादी उभी राहते. हे काम आपले आहे आणि ते टॉपरच्या मानाने फार स्वस्तात होते. आश्चर्य म्हणजे आजच्या तरुण जोडप्यांना गादी पुन्हा पिंजता येते हेच ठाऊक नसते. दुकानाच्या पाटीवर ही ओळ मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट, पलंग. हल्ली बॉक्सच्या पलंगावर सलग प्लायवूड असते. काथ्याची कडक गादी आणि तिच्याखाली सलग फळी, म्हणजे जमिनीवर झोपल्यासारखेच. नवी काथ्याची गादी काही आठवडे वापरल्यावर थोडी नरम येते, हेही सांगावे.

मग टॉपर लागेल की नाही हे ठरवायचे कसे? गिऱ्हाईकाला त्याच्या नेहमीच्या गादीवर उताणे झोपायला सांगा आणि कंबरेखालच्या पोकळीत हात घालून पाहायला सांगा. हात सहज आरपार जात असेल, पोकळी मोठी असेल, तर गादी त्याच्यासाठी कडक आहे. हात शिरतच नसेल तर गादी मऊ आहे, तिच्यावर आणखी मऊ थर नको. याहून सोपी, बिनखर्चाची परीक्षा म्हणजे घरातली जाड दुलई दुहेरी घडी करून चार रात्री गादीवर अंथरणे. खांद्याला, कुल्ल्याला बरे वाटले तर टॉपरचा उपयोग होईल. काहीच फरक पडला नाही तर पैसे वाया जातील.

लॅटेक्स म्हणजे नेमके काय?

रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तोच लॅटेक्स. आपल्या देशात तो सर्वांत जास्त केरळात निघतो आणि रबर बोर्डाचे मुख्य कार्यालयही तिथेच कोट्टायमला आहे. या चिकात साधारण तिसरा हिस्सा रबर, बाकी बहुतेक पाणी. यंत्रात फिरवून पाणी कमी करून साठ टक्के रबराचा दाट चीक करतात. त्यात गंधक वगैरे द्रव्ये घालून, अंड्याचा बलक फेटतात तसा हवा भरून फेटतात. मग साच्यात ओतून वाफेने पक्का करतात, धुतात आणि वाळवतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या डनलॉप कंपनीत १९२९ च्या सुमारास ही रीत निघाली, म्हणून तिला डनलॉप रीत म्हणतात. दुसरी टालाले नावाची रीत आहे. तिच्यात साच्यातील फेस निर्वात करून फुगवतात व गोठवतात. तो माल जास्त एकसारखा आणि हलका असतो, पण महाग. आपल्याकडे बाजारात येतो तो मुख्यतः डनलॉप रीतीचा. डनलॉप मालात फेटलेला चीक साच्यात थोडा खाली बसतो, त्यामुळे एक बाजू किंचित घट्ट असू शकते. गिऱ्हाईकाला टॉपर उलटसुलट करून पाहायला सांगावे.

लॅटेक्सच्या तुकड्यात आरपार बारीक भोके दिसतात. साच्यात खिळ्यांसारख्या सळया असतात, त्यांच्यामुळे उष्णता आतपर्यंत पोहोचते. त्यांचीच ही भोके. हवा खेळायलाही ती उपयोगी पडतात. पण भोके दिसली म्हणजे लॅटेक्स, असे समजू नका. साध्या फोमलाही भोके पाडता येतात.

मेमरी फोमशी लोक याची गल्लत करतात. मेमरी फोम दाबला की हाताचा ठसा काही क्षण राहतो. लॅटेक्स दाबून सोडला की ताबडतोब वर येतो. आणखी एक फरक नाशिककरांनी लक्षात घ्यावा. मेमरी फोम थंडीत कडक होतो. निफाडकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. पहाटे अंगाखाली पाट असल्यासारखे वाटते. लॅटेक्सवर थंडीचा तेवढा परिणाम होत नाही. उन्हाळ्यात मात्र लॅटेक्स कापसाइतका थंड लागत नाही. ही गोष्ट विकताना लपवू नये. वर सुती खोळ आणि सुती चादर असली की चालून जाते.

तराजू काढा

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. खरा माल ओळखायचा कसा? लेबलावर 'नॅचरल' लिहिलेले असते, पण त्यात खनिज तेलापासून बनवलेले रबर किती मिसळले हे डोळ्यांना दिसत नाही. थोडी मिसळ वाईट असतेच असे नाही. अशा मालाचेही टॉपर चांगले चालतात. फक्त 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून त्याचे पैसे घेऊ नयेत. पण लॅटेक्सच्या नावाखाली साधा फोम खपवला जातो तो पकडायला आपला तराजू पुरेसा आहे.

हिशोब असा. टॉपरची लांबी फुटांत, रुंदी फुटांत आणि जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करून १२ ने भागा. घनफूट निघतील. सहा बाय तीनचा दोन इंची टॉपर म्हणजे ६ गुणिले ३ गुणिले २, भागिले १२, बरोबर ३ घनफूट. लॅटेक्सची घनता साधारण ६५ ते ९० किलो प्रति घनमीटर असते, म्हणजे एका घनफुटाला सुमारे पावणेदोन ते अडीच किलो. तेव्हा या टॉपरचे वजन खोळ सोडून साडेपाच ते साडेसात किलो भरले पाहिजे. साधा ३२ घनतेचा फोम असेल तर तेवढ्याच मापाला पावणेतीन किलोही भरणार नाही. साडेसहा बाय सहाचा मोठा दोन इंची टॉपर साडेसहा घनफुटांचा. तो बारा ते सोळा किलो हवा. तोच तीन इंची घेतला तर अठरा ते चोवीस-पंचवीस किलो. घरातल्या एकट्या बाईला तो उचलता येणार नाही, हेही विकण्याआधी सांगावे.

वजन पुरेसे भरले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. रबर कमी आणि खडूसारखी पूड जास्त घालूनही वजन वाढवता येते. म्हणून खोळीची चेन उघडून तुकडा काळ्या कापडावर घासा. पांढरी पूड पडली, कडेचे कण सुटले, चिमटीत ताणल्यावर भेग पडली तर तो माल घेऊ नये. चांगला लॅटेक्स ताणला जातो आणि परत जागेवर येतो. ज्या टॉपरची खोळ चारही बाजूंनी शिवून बंद केली आहे आणि विकणारा ती उघडू देत नाही, तो टॉपर परत ठेवावा. पेटवून परीक्षा घेण्याचा उद्योग काहीजण करतात, तो कृपा करून दुकानात करू नये. रबर आणि फोम दोन्ही भडकतात आणि भोवती कापूस असतो.

किमतीचाही एक अंदाज आपल्याला करता येतो. रबराचा भाव गेल्या काही वर्षांत किलोला सव्वाशे ते अडीचशे रुपयांच्या दरम्यान हलत राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो २४० च्याही वर गेला होता. मधला २०० रुपये भाव धरा. सहा किलोच्या टॉपरमध्ये निव्वळ कच्चे रबरच हजार-बाराशे रुपयांचे झाले. पुढे फेटणे, साचा, वाफ, धुलाई, दक्षिणेकडून नाशिकपर्यंतचे भाडे, खोळ, कर आणि प्रत्येकाचा नफा. असा टॉपर कोणी पंधराशे रुपयांत "शुद्ध लॅटेक्स" म्हणून देऊ करत असेल, तर तो तोट्यात धंदा करतो आहे किंवा खोटे बोलतो आहे. तोट्यात धंदा करणारा व्यापारी आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

मोठ्या कंपन्यांच्या मालावर काही परदेशी प्रमाणपत्रांचे शिक्के असतात. गोल्स हा शिक्का सेंद्रिय लॅटेक्सचा. ओको-टेक्स हा शिक्का मालात अपायकारक द्रव्ये मर्यादेत आहेत की नाही ते पाहिल्याचा. दोन्हींचा टॉपर मऊ की कडक याच्याशी संबंध नाही. शिक्क्याखाली क्रमांक असतो, तो मागून घ्यावा.

जाडी किती, मऊपणा किती?

याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्यावर आणि कुल्ल्यावर दाब येतो, त्याला मऊ आणि थोडा जाड थर लागतो. उताण्या झोपणाऱ्याला दोन इंच पुष्कळ. पालथे झोपणाऱ्याला मऊ थर दिला तर कंबर खाली जाते आणि पाठ दुखते, त्याला फार तर पातळ तोशक द्यावी.

अंगाचे वजनही पाहा. पंचावन्न किलोच्या माणसाला ६५ घनतेचा थर मऊ लागेल. त्याच थरावर पंच्याण्णव किलोचा माणूस झोपला तर त्याला खालचा काथ्या टोचेल. त्याला ७५-८० घनतेचा तीन इंची थर द्यावा. नवरा-बायकोच्या वजनात फार फरक असेल तर जोड पलंगावर दोन वेगळे सिंगल टॉपर घालून वर एकच खोळ शिवता येते. असे काम शोरूममध्ये होणे अवघड, आपल्या कारखान्यात सहज होते.

एक इंची टॉपर बाजारात दिसतो. स्वस्त असतो म्हणून खपतो. काथ्याच्या गादीचा कडकपणा झाकायला तो पुरत नाही, असे आमचे मत आहे. त्या पैशांत तीन-चार किलो चांगल्या कापसाची तोशक भरून घेतलेली बरी. उलट चार इंचांच्या पुढे गेले की पलंग उंच होतो. घरात वयस्कर आई-वडील असतील, गुडघे दुखत असतील, तर पलंगावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरतात का ते पाहावे. फार मऊ थरातून उठणे त्यांना जड जाते. अम्मींसाठी टॉपर घ्यायला आलेल्या मुलाला, "अम्मींना एकदा घेऊन ये, बेटा, झोपून पाहू दे," असे म्हणायला संकोच करू नये.

वर्षाच्या आतील बाळाला कोणत्याही मऊ टॉपरवर झोपवू नये. बाळ पालथे झाले तर नाक मऊ थरात दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाची जागा घट्ट आणि सपाट हवी. ज्यांना रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लॅटेक्स घेऊ नये.

ऊन दाखवू नका

ही गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण नुकसान इथेच जास्त होते. पिढ्यानपिढ्या आपण गिऱ्हाईकाला सांगत आलो की पंधरा दिवसांनी गादी गच्चीवर उन्हात टाका. कापसाला ते योग्यच आहे. ओल जाते, कापूस फुलतो. तोच सल्ला लॅटेक्सला दिला तर माल मातीत जातो. उन्हाने रबर पिवळे पडते, वरचा थर कडक होतो, मग त्याची पोळीच्या पापुद्र्यासारखी खपली निघू लागते.

आमच्याच घरात हे घडले. लॅटेक्सची एक उशी होती. एका मे महिन्यात घरच्यांनी सवयीने सगळ्या गाद्यांबरोबर तीही गच्चीवर टाकली आणि आठवडाभर रोज टाकत राहिले. पावसाळा संपता संपता उशीच्या कडा चुरचुरू लागल्या, चादरीवर पिवळट भुगा पडू लागला. उशीच होती म्हणून थोडक्यात निभावले.

तेव्हा टॉपर देताना तोंडी सांगा आणि चिठ्ठीही लिहून द्या : उन्हात नको, सावलीत हवेशीर ठेवा. धुऊ नका. पिळू तर मुळीच नका, कारण भिजलेला लॅटेक्स आपल्याच वजनाने फाटतो. काही सांडले तर ओल्या फडक्याने टिपून पंख्याखाली वाळवा. डोक्याचे तेल रबर खाते, म्हणून उशाकडे जाड कापड हवे. नव्या मालाला रबराचा वास येतो, तो सावलीत उघडा ठेवल्यास काही दिवसांत कमी होतो. पावसाळ्यात सलग प्लायच्या बॉक्सवर गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते, म्हणून आठवड्यातून एकदा गादी आणि टॉपर भिंतीला टेकवून उभे करावे. उचलताना एका कोपऱ्याला धरून ओढू नये, दोघांनी खालून हात घालून उचलावे.

हीच काळजी दुकानदारालाही लागू आहे. टॉपर दुकानाच्या दर्शनी भागात, ऊन येते तिथे टांगून ठेवू नये. घडी घालून वर वजन ठेवल्यास घडीवर चीर पडते. गुंडाळी करून ठेवावे.

आपल्या हाताला काम कुठे आहे?

लॅटेक्सचा कारखाना काढणे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यातले नाही. पण दक्षिणेतून येणाऱ्या लॅटेक्सच्या चादरी घेऊन, मापाने कापून, खोळ शिवून देणे हे काम गादी कारखान्यात होऊ शकते. नाशकात जुन्या वाड्यांतले पलंग ठरावीक मापाचे नसतात. कंपनीचा तयार टॉपर तिथे चार बोटे मोठा तरी होतो किंवा लहान तरी. मापाप्रमाणे काम हीच आपली जमेची बाजू.

कापायला लांब, पातळ, धारदार सुरी घ्यावी आणि सरळ फळी दाबून एका दमात कापावे. करवतीसारखी सुरी पुढेमागे घासली की कड कुरतडली जाते. जोड द्यायचा असेल तर पाण्याचा डिंकवजा रबर चिकट वापरावा आणि जोड पायाकडे घ्यावा, कंबरेखाली नको. आणि जुन्या उस्तादांना एक विनंती, दाभण आणि सुतळी बाजूला ठेवा. कापसाच्या गादीला आरपार टाके हवेतच, नाहीतर कापूस सरकतो. लॅटेक्सला टाका घातला की त्याच छिद्रातून तो फाटत जातो.

खोळी दोन लागतात. आतली पातळ मांजरपाटाची, जी काढायची नाही. बाहेरची गादीपाटाची, तीन बाजूंना चेन असलेली, म्हणजे धुवायला काढता येते. कापड सुतीच असावे. आपल्याच जिल्ह्यात मालेगावच्या मागांवर सुती कापड निघते, फक्त घेताना त्यात पॉलिस्टर किती ते विचारून घ्यावे. खोळीच्या चारही कोपऱ्यांना रुंद इलॅस्टिकचे पट्टे लावून ते खालच्या गादीत अडकवावेत, नाहीतर काथ्याच्या गुळगुळीत गादीवरून टॉपर रात्रीतून घसरतो. हे काम घरातल्या भगिनी शिलाई यंत्रावर करू शकतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत पिंजाऱ्याचे नाव नाही, हे खटकते. शिंप्याचे आहे. शिलाईचे काम करणाऱ्यांना योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. पात्रता पाहून अर्ज करावा.

बिल पक्के द्या आणि त्यावर लिहा : लॅटेक्स नैसर्गिक की मिश्र, घनता किती, जाडी किती, खोळीशिवाय वजन किती, हमी किती वर्षांची आणि कशाची. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्याइतकीच विकणाऱ्यावरही येऊ शकते. घाऊक व्यापाऱ्याकडून तुम्हीही असेच तपशीलवार बिल घ्या, म्हणजे उद्या तक्रार आली तर हात दाखवायला जागा राहील.

कापताना निघालेल्या कडा आणि तुकडे फेकू नयेत. बारीक चिरून सुती पिशवीत भरले की त्यांच्या चांगल्या उशा होतात. कापसात मात्र ते मिसळू नका. तो कापूस पुढे कधी यंत्रावर पिंजायला आला तर रबराचे तुकडे दातांत अडकतील, आणि यंत्र आपलेच आहे.